भुताच्या गाडीतल्या सात बाया

सावळेराम फिटरसारखा हट्टी माणूस मी जन्मात दुसरा बघितला न्हाई. साखर कारखान्यात त्याची उभी हयात गेली. रिटायर झाला आणि घोडेगाव रस्त्यावरच्या पन्नालालशेठच्या बागेत त्यानं सोताच्या हातानं भुताची गाडी बनवली. चार डबे, एक मोटर, पत्र्याचा बोगदा. मी तिथं तिकिटं फाडायचो. दोन हजार तीनचा उन्हाळा व्हता.

गाडी झ्याक पळायची, पण बसायला कोण न्हाई! सगळा दोष भुतांचा. शेठनं मुंबईहून प्लास्टिकचे सापळे आणलेले. एका म्हातारीनं तर सापळ्यालाच विचारलं, "बाबा, जेवला न्हाईस का?"

शेवटी शेठ म्हणाले, "रविवारी गाडी भरली नाही तर सोमवारी भंगारवाला येईल. आणि सापळ्यांना हात लावायचा नाही, महागाचे आहेत."

सावळेरामचं तोंडच उतरलं. गाडीत जीव व्हता त्याचा. मला म्हणाला, "गोरख, गुपचूप भुतं बदलू. आपल्या मानसाला आपलंच भूत लागतं राव."

शनिवारी शेठ पुण्याला गेले आणि आमी कामाला लागलो. रानातली बुजगावणी उपटून आणली. सावळेरामच्या बायकोची, ठमावहिनीची, जुनी हिरवी लुगडी त्यांना नेसवली. सुतळीचे केस काळे करून मोकळे सोडले. बोगद्यात दिवे सात, म्हणून बाया सात. गारवा वाटावा म्हणून कडंनं पाण्याचा पाट सोडला. सात बाया, हिरवी लुगडी, वाहतं पाणी! आमच्या टकुऱ्यात काय शेण भरलं व्हतं कुणास ठावं.

"नवं भूत आलंय" अशी बोंब मी घोडेगावात ठोकली व्हती, त्यामुळं रविवारी पहिलीच गाडी भरली. शेठ घड्याळ बघत उभे. गाडी आत गेली आणि किंकाळी आली.

"भ्यालं रं, भ्यालं!" सावळेराम टाळ्याच पिटायला लागला.

दुसरी किंकाळी. मग एका बाईचा आवाज, "अगं बाई, साती आसरा!"

साती आसरा म्हणजे डोहातल्या सात देवी. आमच्याकडं त्यांना हात जोडल्याबिगर कुणी पुढं जात न्हाई. डिंभ्याची लंकाबाई चालत्या गाडीतनं पाया पडायला उतरली व्हती, आणि तिचा पदर चाकात गुतला व्हता.

सावळेरामनं बटण दाबलं, पण गाडी लगेच कुठं थांबतीय? त्यो पहार घेऊन आत पळाला, मी मागं. पदर गुंडाळत चाललेला, लंकाबाई रुळाकडं फरफटत चाललेली. त्यानं पहार चाकात घातली. कडाड! चाकाचा आस मोडला, गाडी थांबली. चाकूनं पदर कापून त्यानं बाईला वर वढलं.

"बाई, चुकलं माझं. ही बुजगावणी हायेत."

ऐकतंय कोण! "आयांनीच वाचिवलं मला!" म्हणत लंकाबाईनं बुजगावण्यापुढं लोटांगण घातलं. दुपारपातूर नारळांचा ढीग लागला.

शेठ रागानं लाल होऊन बोगद्याकडं गेले. गर्दी बघितली, गपकन चपला काढल्या. बाहेर येऊन म्हणाले, "भंगारवाल्याला नको म्हणून कळवतो."

सावळेरामला रडूच फुटलं. "लई उपकार, शेठ. आठ दिवसांत नवा आस बसवतो, मंग बघा कशी पळतीय!"

"खुळा झालास? देवीच्या दारात गाडी पळवतोस? आता ती जागची हलायची नाही."

शेठनं मग सावळेरामलाच तिथं पुजारी म्हणून बसवला. लोक त्याच्या पाया पडायला लागले. एकदा मी म्हणालो, "काय का असंना, गाडी भंगारात जायची वाचली."

"भंगारात गेली असती," त्यो म्हणाला, "तर तिची चाकं कुठंतरी फिरली तरी असती रं." आणि त्यानं पुढच्या बाईचा नारळ हातात घेतला.