गरम चाकांवर पाणी

"हात पुढं कर," शाळेचे अध्यक्ष म्हणाले.

मी केले. दोन्ही. शाळेच्या आवारात, पालकसभेला आलेल्या माणसांसमोर, नखं तपासून घेणाऱ्या पोरीसारखे.

बोटं थरथरत होती.

"बघा," ते लोकांकडं वळून म्हणाले. "गाडी थरथरत नाय. बाई थरथरतीय."

लोक हसले. फार नाही. साहेब बोलले म्हणून हसायचं तेवढं. माझ्या व्हॅनमधल्या अकरा पोरी दप्तरं पाठीवर घेऊन तिथंच उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. सहावीतली अल्फिया खाली जमिनीकडं बघत होती. ते मला हसण्यापेक्षा जास्त लागलं.

मी फक्त एवढंच सांगायला गेले होते, की घाट उतरताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थडथडतं.

शाळेच्या तीन व्हॅन आहेत. दोन शहरातल्या शहरात फिरतात. त्या दोघा काकांकडं आहेत. त्यांना सगळे काकाच म्हणतात, अध्यक्षसुद्धा. तिसरी माझ्याकडं. रोज सकाळी रिकामी व्हॅन घेऊन खुलताबादला चढायचं, पोरी घ्यायच्या, घाट उतरून दौलताबादवरून शहरात यायचं. ही नोकरी मला मिळाली तेव्हा शाळेच्या फ्लेक्सवर माझा फोटो लागला होता. प्रत्येक कार्यक्रमात अध्यक्ष माइकवर सांगायचे, "तुमच्यातल्या बाईच्या हातात आम्ही स्टिअरिंग दिलं." तुमच्यातल्या म्हणजे कुणातल्या, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. मलाही. मी खुर्चीवरून उठून हात जोडायचे.

आणि एक नियम होता. आवारात नवे पेव्हर ब्लॉक बसवले होते, पांढरे. माझी व्हॅन घाटातली माती घेऊन येते, म्हणून फाटकाशी पोरी उतरवायच्या, चारही चाकं धुवायची, मगच आत यायचं. काकांना हा नियम नव्हता. मी एकदा विचारलं. वाहनांचं काम बघणारे सुपरवायझर म्हणाले, "तुमच्या हाताला सवय हाय ना."

मी बादली उचलली.

रोज. घाट उतरून आले की चाकं तापलेली असायची. पाणी टाकलं की छन्न व्हायचं, वाफ यायची. मग चाकं चकचकीत दिसायची. खरं सांगते, मला बरं वाटायचं. आपलं काम स्वच्छ आहे, असं.

मग दिवाळीच्या सुट्टीनंतर थडथड सुरू झाली. आधी बारीक. अल्फिया माझ्या शेजारी बसते. तिनं पाण्याची बाटली पुढच्या कप्प्यात ठेवलेली असते. एका उतारावर मी ब्रेक दाबला तर ती म्हणाली, "मावशी, बाटली नाचतीय." पोरी खिदळल्या. पंधरा दिवसांत बाटली कप्प्यातून बाहेर पडायला लागली. मग पोरींचं खिदळणं थांबलं.

मी रजिस्टरमध्ये लिहिलं. दोनदा. सुपरवायझरनं गाडी बघितली. मला मागं बसवलं, स्वतः चालवली. फाटकापासून पेट्रोल पंपापर्यंत, सपाट रस्त्यानं, सायकलच्या वेगानं. परत आले. "काय नाय गाडीला." मी म्हणाले, "साहेब, थंड ब्रेकला होत नाही. घाटात चला." ते हसले. "घाटात कशाला? देवदर्शनाला का?"

म्हणून मी पालकसभेच्या दिवशी थेट अध्यक्षांकडं गेले. पुढचं वर सांगितलं आहे.

त्यानंतर त्यांनी ब्रेकचे पॅड बदलले. चाकाबरोबर फिरणारी डिस्क जुनीच, तिला दाबून धरणारे पॅड नवे. लोकांसमोर विषय निघाला होता, तो मिटवायचा होता. मग फॉर्म आला. शाळेत पद्धत आहे, दुरुस्तीनंतर चालकाची सही झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर जात नाही. फॉर्मवर छापलेलं असतं: दुरुस्ती झाली, चालक समाधानी. मी सही केली. नेहमी करते तशी. न वाचता.

चार दिवस गाडी लोण्यासारखी थांबली. मला स्वतःचीच लाज वाटली. वाटलं, हातच थरथरत असतील आपले.

पाचव्या दिवशी घाटात पुढं एसटी थांबली होती. मी ब्रेक दाबला. स्टिअरिंग हातातून सुटायला बघत होतं. पायाखाली पेडल धडधडत होतं, वर येत होतं, खाली जात होतं. एसटीच्या मागच्या बंपरपासून वीतभर अंतरावर थांबले. मागची दप्तरं पुढं आली. एका पोरीचा ओठ सीटवर आपटला. एवढंच. एसटीतल्या लोकांना कळलंसुद्धा नाही.

सांगायला कुणी नव्हतं. ज्यांना सांगायचं त्यांनी माझे हात बघून ठेवले होते.

त्या दुपारी पोरींना खुलताबादला सोडल्यावर मी तिथल्या रशीदचाचांच्या गॅरेजवर व्हॅन लावली. साठीचा माणूस. त्यांनी पहिल्यांदा काय केलं तर प्रश्न विचारला.

"ताई, थरथर हाथां में आती के सीट के नीचे?"

इतक्या दिवसांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.

"हातात."

"तो आगे के चाकां. सीट के नीचे आती तो पीछे देखता मैं."

त्यांनी पुढचं चाक काढलं. डिस्कवर निळसर डाग होते. त्यांनी घड्याळासारखं एक माप डिस्कला टेकवून लावलं आणि डिस्क हातानं फिरवली. काटा एका जागी राहीना. पुढं, मागं, पुढं, मागं. मी बघत उभी राहिले. माझ्या हातांना जे कळत होतं, तेच तो काटा सांगत होता.

मग डिस्कच्या कडेला कोरलेला आकडा दाखवला. याच्यापेक्षा पातळ झाली की फेकायची. आमची पातळ झाली होती. "लेथ पे घिसवाओ बोलेंगे. नक्को. अब उसमें बचाच क्या है?"

आणि मग विचारलं, "पानी मारते क्या इसपे?"

"रोज," मी म्हणाले. अभिमानानं म्हणाले.

चाचांनी पाना खाली ठेवला. "घाट उतर के? गरम पे?"

"गरम डिस्क पे ठंडा पानी पडा तो टेढी हो जाती, ताई." 

माझी आई बंगल्यांमधले संडास धुवायची. तिच्या हातात बादली होती. माझ्या हातात स्टिअरिंग आलं असं मला वाटलं होतं. बादली गेलेलीच नव्हती. आणि मी ती निमूट उचलली, रोज, त्यांच्या पांढऱ्या फरशीसाठी, आणि अकरा पोरींच्या ब्रेकवर ओतली. अपमान गिळला की तो आपल्यापुरता राहतो, असं मी समजत होते.

चाचांनी सांगितलं ते मी कागदावर लिहिलं. पुढच्या दोन्ही डिस्क बदलायच्या, जोडीनं. चारही पॅड नवे, या गाडीचेच, एकाच खोक्यातले. डिस्क जिथं बसते तिथला गंज ब्रशनं काढायचा, नाहीतर नवी डिस्कही वाकडी बसते. सुरुवातीला ब्रेक हळू हळू मारायचे. आणि गरम चाकांवर पाणी नाही.

कागद सुपरवायझरकडं दिला.

"मेकॅनिक झाली का तू?"

तीन दिवसांनी त्यांनी एक डिस्क बदलली. डावी. "उजवी चालतीय अजून." फॉर्म पुढं केला. मी पहिल्यांदा तो पूर्ण वाचला. चालक समाधानी. मी म्हणाले, एका बाजूला नवी आणि एका बाजूला झिजलेली असली तर ब्रेक दाबल्यावर गाडी एकीकडं ओढणार. सही करणार नाही.

अध्यक्षांनी बोलावलं. आवाज चढवला नाही त्यांनी. "गाडी उभी राहील. पोरींची शाळा बुडंल. तुझ्या डोक्यावर."

गाडी उभी आहे. भिंतीला लागून. एका काकांना चालवायला सांगितलं, ते म्हणाले, घाटाची आपल्याला सवय नाही. पोरी आता एसटीनं येतात, एक बदलून दुसरी. तिघी येत नाहीत. अल्फिया येत नाही. तिच्या अम्मीचा फोन आला होता. "बाजी, एक सही तो है. कर दो ना. बच्ची घर में बैठी है." तिला सगळं सांगितलं. ती सगळं ऐकून म्हणाली, "लेकिन बच्ची तो घर में बैठी है."

फोन ठेवल्यावरही मी सही केली नाही. 

मला फाटकाशी स्टुलावर बसवलं आहे. काल काकांची व्हॅन आली तेव्हा सुपरवायझरनं बादली माझ्यापुढं ठेवली. मी उठले नाही. मग फॉर्म ठेवला. "का? हात थरथरतेत म्हणून सही जमंना का?"

मी स्वतःहून हात पुढं केले. दोन्ही. थरथरत होते. त्याच हातांनी फॉर्म परत सरकवला.

उद्या मला काढतील. काढू देत. माझ्या जागी दुसरी बाई आणतील, तिचा फोटो लावतील, तिच्या हातात बादली देतील. मी या फाटकाबाहेर उभी राहीन आणि ती बादली उचलायच्या आत तिला सांगीन. खुलताबादला घरोघरी जाऊन आयांना सांगीन, अल्फियाच्या अम्मीला पुन्हा सांगीन, तिनं पुन्हा तेच म्हटलं तरी.

दोन डिस्क. चार पॅड, एका खोक्यातले. तोवर माझी सही नाही.