सहा रोलर आणि शाळेचा चढ

लेथवाल्या काकांच्या बायकोला अख्खी गल्ली बाई म्हणायची. टेकडीवरच्या शाळेत पंचवीस वर्षं गणित शिकवत होत्या त्या, त्यामुळे काकाही घरात त्यांना बाईच म्हणायचे. "बाई, चहा मिळेल का?" असं विचारायचे आणि मिळेपर्यंत हाताची घडी घालून बसायचे. माणूस तसा सरळ, पण स्कूटरचा विषय निघाला की संपलंच.

तर झालं असं, बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, चालायचं ते सपाटीवर, चढ अजिबात नाही. आणि शाळेचा चढ म्हणजे काय सांगू! बोळ इतका अरुंद की चारचाकी आत शिरत नाही, आणि असा उभा की डबलसीट गेलं की काकांची जुनी स्कूटर अर्ध्यात मान टाकायची. मग बाई उतरून उरलेला चढ चालत जायच्या. आता तेही बंद. हेडमास्तरांनी निरोप धाडला, सोमवारी हजर झालात तर वर्ग तुमचाच, नाहीतर टेकडीखालच्या ऑफिसात टेबल देतो, रजिस्टरं सांभाळा.

"टेबल काय वाईट आहे?" बाई म्हणाल्या. "पंख्याखाली बसायला मिळेल." त्या दिवशी जेवताना मात्र त्यांनी ताटातला भात नुसता चिवडला. काकांना ते बघवेना.

"टेबलबिबल काही नाही," ते म्हणाले. "सोमवारी तुला शाळेच्या दारात सोडतो. मधे उतरायचं नाही."

झालं, बुधवारी सकाळी स्कूटर काकांच्या दुकानात, लोखंड-पितळ कातायच्या लेथशेजारी आडवी पडली. या बिनगिअरच्या स्कूटरच्या पोटात एका चकतीत सहा छोटे रोलर असतात. इंजिन जोरात फिरलं की ते बाहेर सरकतात, पट्ट्याला ढकलतात आणि गाडी वेग घेते. आता तीस वर्षं लेथवर उभं राहिलेल्या माणसाला एक खोड असते. मशीन थरथरलं, दे वजन. पाया हलला, दे वजन. जड ते दणकट, हे काकांच्या हाडात मुरलेलं. मूळचे रोलर दहा ग्रॅमचे होते. काकांनी पितळेचे नवे कातले, वर नायलॉनची कडी चढवली आणि चौदा ग्रॅमचे केले. काय देखणे झाले होते म्हणून सांगू! काका ते तळहातावर घेऊन घरभर दाखवत फिरले.

गुरुवारी सपाट रस्त्यावर एकट्याने चक्कर मारली. गाडी वाऱ्यासारखी सुटली. काका परत आले ते केस उभे, डोळ्यांत पाणी आणि चेहऱ्यावर लहान पोराचा आनंद. "बाई, विमान झालंय विमान," ते म्हणाले. शुक्रवारी बाईंना मागे बसवून त्यांनी चढाला हात घातला, आणि विमान पाव चढावरच बसलं. बाईंना उतरायची सोय नाही. मग काका दोन्ही पाय रस्त्यावर घासत, ब्रेक दाबत, सोडत, अख्खा बोळ उलटे खाली आले. कोपऱ्यावरचा न्हावी वस्तरा हातात धरून बघतच राहिला.

खाली आल्यावर बाईंनी वर्गातल्या आवाजात विचारलं, "आधी अर्ध्यापर्यंत तरी जायची. तुम्ही घातलंत काय आत?"

"वजन."

"मागे मी बसले होते ना? ते वजन कमी पडलं का?"

काकांचं डोकं असं तापलं की दुपारी ते जेवलेच नाहीत. तसेच जाऊन त्यांनी झाकण उघडलं आणि चकती हाताने फिरवून बघितली. मग मात्र कपाळावर हात मारून घेतला. रोलर जड, म्हणून लवकर बाहेर पळत होते आणि पट्ट्याला भर चढावर वेगाच्या चालीत ढकलत होते. चढाला लागते ती सावकाश पण जोराची चाल, आणि ती टिकायला रोलर हलके हवेत! तीस वर्षांची अक्कल सगळी उलटी चालली होती.

मग काय, स्वतःच्याच हाताने कातलेल्या त्या सुंदर रोलरांना आरपार भोकं पाडणं आलं. जीव तुटत होता, पण ड्रिल थांबत नव्हतं. त्यातून सहाही रोलर अगदी सारखे हवेत, नाहीतर गाडी लचकणार. शेजारच्या सोनाराच्या काट्यावर काका दिवसातून वीस वेळा जाऊन बसले. सोनाराने हात जोडले. एक रोलर तडकला, तो पुन्हा कातला. रविवारी संध्याकाळी सहाही रोलर सात ग्रॅमवर आले तेव्हा काका दुकानातच नाचायचे बाकी राहिले होते.

सोमवारी सकाळी दोघं निघाली. पाव चढ गेला. अर्धा गेला. इंजिन नुसतं गात होतं. अगदी उभ्या टप्प्यावर बाई म्हणाल्या, "इथे थांबवा."

"वेड लागलंय का तुला? थांबली तर सुटायची नाही."

"रोज यायचंय मला. समोरून कधीतरी कुणी येईलच, तेव्हा थांबावंच लागेल. सुटत नसेल तर आजच कळू दे."

काय करणार, गणिताची बाई ती. काकांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली. इंजिन जागच्या जागी धुसफुसत राहिलं आणि काकांनी श्वास धरूनच ठेवला. मग त्यांनी ॲक्सिलरेटर पिळला. गाडी बोटभर मागे सरली. मग आतल्या आपोआप लागणाऱ्या क्लचने पकड घेतली, चाक वळवळलं, आणि स्कूटर दोघांना घेऊन वर निघाली ती थेट शाळेच्या दारात.

बाई सावकाश उतरल्या. पर्समधून घडी घातलेला कागद काढून त्यांनी काकांच्या हातात दिला. "हेडमास्तरांना लिहिलं होतं," त्या म्हणाल्या, "टेबल चालेल म्हणून. फेकून द्या कुठेतरी." आणि सपाट व्हरांड्यातून वर्गाकडे गेल्या.

काकांनी तो कागद उघडलाही नाही. हाताचं ग्रीस त्याला खसाखसा पुसलं आणि आतून पोरं एकदम उठून उभी राहिल्याचा जो गलका झाला, तो ऐकत डोळे पुसत तिथेच उभे राहिले.