करडी बुलेट आणि ‘झाउबर’ नळी

हेर (जर्मनमध्ये ‘श्रीयुत’) एबर्ले नसते तर मी प्रोबेत्साइटमध्येच, म्हणजे पहिल्या काही महिन्यांच्या कच्च्या नोकरीतच, निलंग्याला परतलो असतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. वडील एसटी डेपोत टायर बदलायचे. जर्मनीत गेर्लिंगेनजवळच्या, धातूवर लेप चढवणाऱ्या छोट्या कोटिंग कंपनीत लागलो तेव्हा पुस्तकातलं जर्मन येत होतं, इथली बोली कळत नव्हती. एबर्ले आमच्या शॉपचे माइस्टर, म्हणजे मुख्य कारागीर. मशीनसोबत भाषाही त्यांनीच शिकवली. जॉब चांगला उतरला की पाठीवर थाप मारायचे आणि म्हणायचे, “झाउबर!” म्हणजे जमलं, फक्कड.

रिटायर झाल्यावर एकदा ते आले आणि माझ्या टेबलावर दोन बुलेट ठेवल्या. एक उघड्या तांब्याची. दुसरी करडी, आमच्याच शॉपमध्ये ट्रायलला कोटिंग केलेली.

“बोला इंजिनिअरसाहेब, कुठली?”

ते शूटिंग क्लबचे जुने मेंबर. रायफलची काडतुसं रीतसर परवान्यावर घरीच भरायचे. याला हँडलोडिंग म्हणतात. बुलेट म्हणजे काडतुसाच्या टोकाचा, उडून जाणारा भाग. कोटिंग असलं की ती रायफलच्या नळीतून कमी घासत जाते, तांबंही कमी चिकटतं. आमच्या बॉस फ्राऊ (श्रीमती) लेन्झ यांना हे कोटिंग शूटर लोकांना विकायचं होतं. एबर्ल्यांची येणारी मॅच ही त्या कोटिंगची परीक्षा होती. एबर्ल्यांसाठी ती शेवटची मॅच होती. उजव्या डोळ्याची नजर उतरत चालली होती. त्यानंतर रायफल विकायची, हे ठरलेलं.

“कोटिंगवाली,” मी म्हणालो.

“आयुष्यभर उघडी वापरली. तिने काय घोडं मारलंय?”

“काही नाही. पण ही मॅचभर एकसारखी जाईल.”

“गेनाऊ, बरोबर. चुकलं तर कॉफी तुझी.”

त्यांनी करड्या बुलेटसाठी काडतुसातल्या दारूची भराई नव्याने, जपून बसवली. रेंजवरच्या सरावात निशाण्याच्या कागदावरची सगळी भोकं एका नाण्याखाली झाकली जात होती. त्या नळीतून आधी बऱ्याच करड्या बुलेट गेल्या होत्या. कोटिंगचं हेच असतं. त्याचा थर आधी नळीत बसावा लागतो. बिडाच्या तव्यासारखं. घासूनपुसून ठेवला की पहिली धिरडी चिकटणारच.

म्हणून मॅचच्या आदल्या दिवशी मुद्दाम फोन केला.

“नळीचं काय?”

“झाउबर!”

“झाउबर!” मीही आनंदाने म्हणालो आणि फोन ठेवला.

मॅच तीनशे मीटरची. आधी सरावाचे थोडे शॉट मिळतात. त्यावरून त्यांनी साइट, म्हणजे नेम धरायची खूण, लावली. मग मोजायचे शॉट सुरू झाले आणि भोकं हळूहळू खाली सरकू लागली. त्यांनी साइट सुधारली, भोकं आणखी सरकली. थर बसला तेव्हा मॅच हातातून गेली होती. त्यांनी डोळा चोळला. त्यांना वाटलं, डोळाच गेला. ते मला बघवलं नाही.

पार्किंगमध्ये विचारलं, “नळी साफ केली होती?”

“हो, मग? मॅचला जाताना माणूस आंघोळ करतो की नाही? तुला सांगितलं होतं ना. झाउबर!”

शब्दकोशात त्या शब्दाचा पहिला अर्थ तोच आहे. स्वच्छ.

फ्राऊ लेन्झ यांनी माझा रिपोर्ट वाचला. “आल्झो, तर मग, इथे प्रत्येक जण मॅचआधी नळी धुणार. हे प्रॉडक्ट नको.” ट्रायल बंद झाली. महिन्याभरात रायफलही गेली. मी मग हे पत्र पाठवलं.

“प्रिय हेर एबर्ले,

डोळा चुकला नव्हता. धुतल्यामुळे नळी नव्यासारखी झाली होती, आणि ते मला ठाऊक असायला हवं होतं. बुलेट निवडताना मी फक्त बुलेट पाहिली. नळी धुणारा माणूस पाहिला नाही. तुमच्या सवयीला उघडीच बुलेट योग्य होती. ‘झाउबर’चा पहिला अर्थ मला पुस्तकाने शिकवला होता. दुसरा तुम्ही शिकवलात, आणि तो इतका आवडला की पहिला विसरलो. आता शॉपमध्ये कुणी झाउबर म्हणालं की मी विचारतो, पुसलंय की जमलंय? सगळे हसतात. मला हसू येत नाही.

रविवारी येतो. कॉफी माझी. तवा घेऊन येतो, तुमच्याकडे धिरडी करू. पहिली चिकटतील, ती मी खाईन.

तुमचा,
दत्ता”