झाकणाच्या आतली खूण

नोकरीतली तीस-बत्तीस वर्षं मी संशय घेण्याचा पगार घेतला. कृषी खात्यात बियाणे निरीक्षक होतो. रावेरपासून जामनेरपर्यंत दुकानांत शिरायचं, कपाशीच्या बियाण्याची पाकिटं उचलायची, लॉट नंबर बिलाशी ताडायचा, छपाईतला हिरवा रंग जरा फिका वाटतो का ते बघायचं, नमुना काढून सील करायचा. बोगस पाकीट अस्सल पाकिटापेक्षा जास्त चकचकीत असतं, हे मी पहिल्या दोन वर्षांतच शिकलो. निवृत्त झालो तरी सवय सुटली नाही. हळदीची पिशवी फोडायच्या आधी मी तिची शिवण बघतो. बायको म्हणते, "अहो, मला बघायला आलात तेव्हाही तुम्ही असंच बघत होतात."

मेहरूण तलावाच्या काठी रोज सकाळी फिरताना एका शेठजींशी ओळख झाली. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण तीन पिढ्या जळगावात कापडाचं दुकान. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे, बोलायला कमी. दोन वर्षं आम्ही बरोबर चालत होतो आणि तरी त्यांच्या घरात कोण कोण आहे हे मला नीट ठाऊक नव्हतं. मी मात्र त्यांना सगळं सांगून टाकायचो. जामनेरच्या पहिल्या नेमणुकीत एका जिनिंगमालकाच्या मनगटावर पाहिलेलं स्विस घड्याळ, चावी न देता नुसत्या हाताच्या हालचालीवर चालणारं, आणि तेव्हापासून मनात राहून गेलेली हौस, हेही एकदा सांगितलं होतं.

एका सकाळी त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि बाकावर उलगडला. आत तसंच घड्याळ होतं. स्टीलचं, जड, निळ्या तबकडीचं.

"तुम्हाला हवं होतं ना, साहेब? घेऊन जा. आठ दिवस वापरा. मग बोलू."

"तुमच्या हातात कधी पाहिलं नाही हे."

"मी घालत नाही."

त्यांनी सांगितलेला भाव ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. मला शंका आली. एवढी वस्तू इतक्या स्वस्तात कोणी का देईल? बरोबर मूळ डबी होती, गॅरंटी कार्ड होतं. बोगस माल विकणाऱ्या दुकानदाराकडची कागदपत्रंही नेहमी पूर्ण असायची.

घरी येऊन मी बियाणं तपासायचं भिंग काढलं. पट्टा सोडवला की केसच्या कडेला नंबर दिसतो, हे मोबाइलवरच्या व्हिडिओतून कळलं होतं. तो नंबर कार्डावरच्या नंबराशी जुळला. मग तबकडी पाहिली. अक्षरं किंचित जाड होती, कडा फुटलेल्या. सहाच्या आकड्याखालची बारीक ओळ मधोमध नव्हती, डावीकडे सरकलेली होती. अशी घड्याळं अंधारात चमकतात, म्हणून भर दुपारी ट्यूबलाइटखाली ते धरून मी न्हाणीघरात शिरलो आणि दार लावून घेतलं. काटे हिरवे उजळले. तबकडीवरचे ठिपके निळसर, आणि दोन मिनिटांत विझून गेले. दोन्हींवरचा रंग एका जागचा नव्हता.

बाहेरून बायकोनं दार वाजवलं. "बरं वाटत नाही का?"

"घड्याळ बघतोय."



बाहेर येऊन मी कार्ड पुन्हा वाचलं. नंबर बघायच्या नादात नावाकडे लक्षच गेलं नव्हतं. आडनाव शेठजींचं होतं, पण पहिलं नाव वेगळं.

दुसऱ्या दिवशी चालता चालता सहज विचारल्यासारखं विचारलं, "कार्डावर नाव कोणाचं आहे?"

"घरातलंच आहे," ते म्हणाले आणि तलावाकडे बघायला लागले. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. उत्तर देताना दुसरीकडे बघणारे दुकानदार मी शेकड्यांनी पाहिले होते.

जळगावातल्या मोठ्या दुकानात घड्याळ उघडून द्यायला नकार मिळाला. मुंबईला पाठवू म्हणाले, पण कार्डावरच्या माणसाची सही लागेल. तिथल्याच एका कारागिरानं हळूच सांगितलं की अशी मशीन उघडणारा एक जुना माणूस धुळ्यात आहे, आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत. मी एसटीनं धुळ्याला गेलो. शेठजींना सांगितलं नाही.

दुकान म्हणजे दोन खुर्च्यांची जागा. सत्तरीचे गृहस्थ, डोळ्याला भिंग. सगळे त्यांना नाना म्हणत होते, मीही म्हणालो. माझ्या आधी एकाचं घड्याळ दुरुस्त होऊन झाकण लावायचं राहिलं होतं. नानांनी झाकण बसवायच्या आधी त्याच्या आतल्या बाजूला सुईनं काहीतरी कोरलं.

"हे काय करता?"

"खूण. कोणी कधी उघडलं ते पुढच्याला कळावं म्हणून. प्रत्येक कारागिराची आपली असते."

मी वाकून बघितलं. बारीकशी चंद्रकोर आणि खाली महिना-साल.

मग माझी पाळी आली. नानांनी झाकण फिरवून काढलं आणि मशीनकडे बराच वेळ बघितलं. मध्येच ते स्वतःशी बोलल्यासारखं पुटपुटत होते. स्क्रूच्या खाचा पाहिल्या, हाताच्या हालचालीनं फिरणारा तो अर्धगोल चकतीसारखा भाग बोटानं हलवून पाहिला, बाजूची चावी ओढून पाहिली.

"बठ्ठं खरं शे, भाऊ," ते अहिराणीत म्हणाले; म्हणजे सगळं अस्सल. "फक्त तबकडी नि काटा नही. ती बाहेरची आहेत. आणि दोन चाकं नंतर टाकलेली आहेत, पण ती कंपनीचीच."

"कोणी बदललं असेल?"

"आता ते कसं सांगणार?"

एवढं बोलून त्यांनी झाकण उचललं. ते उचलताना आतली बाजू क्षणभर उजेडात आली आणि त्यांनी ती चटकन तळहाताकडे वळवली. तो झटका माझ्या ओळखीचा होता. चुकीच्या लॉटचं पोतं पायानं मागे सरकवताना दुकानदार असाच झटका देतो.

"नाना, झाकण दाखवा."

"काय करायचंय तुम्हाला?"

"माझ्याजवळची वस्तू आहे. दाखवा."

त्यांनी दाखवलं. आत चंद्रकोर होती. खाली नऊ वर्षांपूर्वीचं साल.

माझा आवाज चढला. मी त्यांना सांगितलं की मूळ तबकडीला बाजारात किंमत असते हे मला माहीत आहे, की अस्सल भाग काढून बाहेरचा बसवणं आणि अस्सल दुसऱ्याला विकणं हा धंदा सगळीकडे चालतो, आणि मी अशा लोकांना आयुष्यभर पकडत आलोय. शेजारच्या खुर्चीवरचं गिऱ्हाईक उठून बाहेर जाऊन उभं राहिलं. नानांनी भिंग काढलं, खालचा खण ओढला, आणि औषधाच्या पुडीसारखी घडी केलेली एक कागदाची पुडी माझ्यासमोर ठेवली.

आत तबकडी होती. निळा रंग फुगून पोपडे निघालेले, मधोमध हिरवट डाग. दोन्ही काटे गंजून एकमेकांना चिकटलेले.

"ही विकली असती कोणी?" नाना म्हणाले. "पाण्यात होतं घड्याळ. चावी नीट आवळलेली नव्हती, सगळं आत शिरलं. तीन आठवडे बसलो होतो मी यावर. गिऱ्हाइकानं सांगितलं होतं, जुनं फेकून द्या आणि कोणाला बोलू नका. बोललो नाही. फेकवलं मात्र नाही."

"पाण्यात कसं गेलं?"

"ते मला विचारू नका. ज्याचं घड्याळ त्याला विचारा. आणि ही पुडीही घेऊन जा."

मी माफी मागितली, पण उरकून टाकल्यासारखी. कारण परतीच्या बसमध्ये पारोळा येईपर्यंत माझा संशय नानांवरून उठून शेठजींवर जाऊन बसला होता. जळगावचा माणूस घड्याळ दुरुस्तीला धुळ्याला का नेतो? जुनं फेका, बोलू नका, असं का सांगतो? कार्डावर दुसऱ्याचं नाव. मी मनात चोरीपर्यंत पोचलो होतो.

सकाळी तलावाच्या काठी त्याच बाकावर मी घड्याळ आणि कार्ड ठेवलं, शेजारी पुडी उघडली. शेठजींनी ती पाहिली आणि खाली बसले.

"तुम्ही धुळ्याला गेलात."

"तुम्ही मला पाण्यात बुडालेलं घड्याळ विकत होतात, शेठजी. निदान सांगायचं होतं."

"काय सांगायचं होतं?" त्यांचा आवाज एकदम कोरडा झाला. "धाकट्या भावाच्या हातात होतं ते. मीच त्याला दिलं होतं. नऊ वर्षं झाली, चांगदेवला गेला होता, तापीत उतरला. दुसऱ्या दिवशी सापडला. हे सांगितल्यावर तुम्ही घेतलं असतं?"

ते बोलत होते आणि मी मनातल्या मनात नऊ वर्षं मोजत होतो. झाकणावरचं साल आणि त्यांनी सांगितलेला काळ जुळतो का ते बघत होतो. जुळत होता. समोर एक म्हातारा माणूस डोळे पुसतोय आणि मी त्याचा लॉट नंबर ताडतोय. आजही आठवलं की मला माझीच शिसारी येते. पण खरं ते हेच, की मी ताडून बघितलं, आणि जुळल्यावरच मला त्याचं वाईट वाटायला लागलं.

आणि तरीही एक गोष्ट अडत होती.

"तुमच्या भावाच्या बायकोनं हे विकायला दिलं का?"

शेठजी रुमालाचं टोक बोटाला गुंडाळत राहिले.

"तिला माहीत आहे ना?"

"तिला सांगितलं होतं, घड्याळ नदीत गेलं," ते म्हणाले. "सिव्हिल हॉस्पिटलमध्ये ते माझ्या हातात दिलं त्यांनी. मी खिशात टाकलं. नंतर देऊ म्हटलं. नंतर देता येईना. दुरुस्त करून देऊ म्हणून धुळ्याला नेलं, तर नवं होऊन आलं. मग तर काय सांगून देणार? कपाटात पडून होतं. उघडलं की दिसायचं."

"मग हे तुमचं नाही, विकायला."

हे मी फार सौम्यपणे बोललो नाही. त्यांनी रुमालात घड्याळ गुंडाळलं. पुडी मात्र तिथेच राहिली, त्यांनी तिला हात लावला नाही. ती मी घरी आणली.

पाच-सहा दिवस ते फिरायला आले नाहीत. मला वाटलं, दुसरं गिऱ्हाईक शोधत असतील. हे मी बायकोला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "तुम्हाला एकदा तरी चुकल्यासारखं वाटतं का हो?"

मग एका दुपारी दारात एक बाई उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, डोक्यावर पदर, हातात पर्स. शेठजींच्या धाकट्या भावाच्या पत्नी; मोठा दीर म्हणून त्या शेठजींना जेठजी म्हणत. बायकोनं पाणी आणून दिलं, ते त्यांनी तसंच ठेवलं.

"तुम्हीच ते तपासलं ना?"

"हो, ताई."

त्यांनी पर्समधून घड्याळ आणि कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "मग मला खरं सांगा. हे यांचंच आहे? का जेठजींनी माझी समजूत घालायला दुसरं आणलंय? नऊ वर्षांनी एकदम सापडतं कसं? आणि इतकं नवं कसं?"

माझ्यासारखीच नजर होती ती. फरक एवढाच की त्यांना तसं बघायचा हक्क होता.

मी पट्टा सोडवला, भिंग त्यांच्या हातात दिलं, आणि केसवरचा नंबर एकेक आकडा वाचत कार्डाशी जुळवून दाखवला. त्यांनी स्वतः दोनदा वाचला. मग मी काही न लपवता सांगितलं. तबकडी बदललेली आहे. काटे बदललेले आहेत. आतली दोन चाकं दुसरी आहेत.

"मग यांचं काय राहिलं?"

"केस, झाकण, पट्टा, आतली बाकीची मशीन. आणि हे." मी पुडी पुढे केली.

तबकडी बघून त्या रडल्या नाहीत. पुडी जशी होती तशी घडी घालून ठेवली, मग पट्टा हातात घेतला आणि त्याचं कुलूप उलटं करून त्यावर अंगठा फिरवला, न बघता. तिथे एक आडवा खोल ओरखडा होता. घड्याळ तपासताना केलेल्या नोंदीत मी तो 'दोष' म्हणून लिहिला होता.

"दुकानाचं शटर," त्या म्हणाल्या. "ओढताना अडकलं होतं. दोन दिवस चिडचिड करत होते." मग श्वास सोडून म्हणाल्या, "यांचंच आहे."

मी आठवडाभर भिंग, व्हिडिओ, एसटी आणि भांडण करून जे ठरवत होतो, ते त्यांच्या अंगठ्यानं एका क्षणात ठरवलं.

बायकोनं त्यांना चहा करते म्हटलं, तर नको म्हणाल्या. रिक्षा थांबवली होती. दारात चपला घालताना म्हणाल्या, "मी आणि जेठजी एकाच माडीवर राहतो, साहेब. मधे एक भिंत आहे. नऊ वर्षं हे त्या भिंतीपलीकडे होतं आणि मी नदीला शिव्या देत होते." त्यात राग होता, पण कोणावर, हे मला कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा धुळ्याला गेलो, या वेळी नानांची नीट माफी मागायला. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, पुडी पोचली का. पोचली म्हणालो. बरं, म्हणाले, आणि भिंग डोळ्याला लावलं.

शेठजी अलीकडे पुन्हा फिरायला येतात. आम्ही बोलतो, हवेबद्दल, गुडघ्यांबद्दल. त्यांनी भावजयीला आपणहून सांगितलं, की मी बोभाटा करीन या भीतीनं सांगितलं, हा प्रश्न रोज माझ्या जिभेवर येतो. विचारलं तर ते कदाचित तलावाकडे बघतील, आणि मग मी त्या बघण्याचाही काहीतरी अर्थ लावीन. अजून तरी विचारलेलं नाही.