दिल्लीत पोचलेली आईची बस

बाजारात भेटल्या की मॅडम अजून मला पकडतात. सोबतच्या बाईला सांगतात, ही आमची दिल्लीची मुलगी, लीडरशिपला मीच नेलं होतं हिला. मी हसते, भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेते आणि सटकते. मला त्यांचा राग आहे, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

तेव्हा मी बेळगावातल्या एका मराठी हायस्कुलात शिकत होते. घर शहरालगतच्या कंग्राळी गावात. आप्पा शेती सांभाळून फौंड्रीत कामाला जात. शाळकरी मुलांना दिल्लीला नेऊन नेतृत्व शिकवणाऱ्या एका सहलीसाठी आमच्या जिल्ह्यातून माझी एकटीची निवड झाली. राज्याच्या गटातली बाकीची मुलं बेंगळुरू-म्हैसूरकडची होती, आणि गटाच्या प्रमुख म्हणून या मॅडम. बेळगावातल्या जुन्या वकिलांच्या घरातल्या, आमच्यासारख्याच मराठी.

शेवटच्या दिवशी प्रत्येक राज्याचा एकजण मंचावर बोलणार होता आणि ते घरोघर फोनवर थेट दिसणार होतं. मला ते बोलायचं होतं. बाकी दिल्ली नसती दिसली तरी चाललं असतं. आप्पांनी तर मीच बोलणार असं गावभर सांगून टाकलं. तरुण मंडळानं वेशीवर फ्लेक्स लावला, त्यात माझे डोळे इतके मोठे आले होते की म्हशी बिचकायच्या.

रेल्वेत आम्ही दोघीच असलो की मॅडम माझ्याशी मराठी बोलत. बाकीची मुलं आली की त्यांचं मराठी गप्प. मला त्यात काही खटकलं नाही. आमच्या भागात सगळेच समोरचा माणूस बघून भाषा बदलतात. दुकानदार बदलतो, कंडक्टर बदलतो, मीही बदलते.

दिल्लीत इंडिया गेट बसच्या खिडकीतून बघितलं, संसद लांबून बघितली आणि उरलेला सगळा वेळ एका थंडगार हॉलमध्ये नेता होण्यात घालवला. खरं बोलणं हा नेत्याचा गुण म्हणे. म्हणून आम्हाला गोल बसवून शेजाऱ्याचा एक दोष तोंडावर सांगायला लावला. बेंगळुरूची एक मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली की हिच्या कन्नडला शेणाचा वास येतो. ट्रेनरना तिचं धाडस फार आवडलं. त्यांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या, मलासुद्धा. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, ही ताटात फार टाकते. त्याला टाळ्या पडल्या नाहीत.

मग आमच्यातलं मंचावर कोण बोलणार ते ठरवायला आमच्या राज्याचे एक अधिकारी आले. टेबलापलीकडे ते, बाजूला मॅडम, आणि आम्ही एकेक करून आत. मी आधी त्यांच्या छातीवरची पाटी वाचली. आमच्याकडे हेच करतात, आडनाव वाचायचं आणि कुठली भाषा काढायची ते ठरवायचं. त्यांचं आडनाव आमच्या गल्लीत तीन घरांचं होतं. माणूस आपला निघाला म्हणून माझा जीव भांड्यात पडला. ते आडनाव धारवाडकडच्या कन्नड घरांतही तितकंच आहे हे मला पाळण्यात असल्यापासून माहीत होतं. पण परमुलखात आपलं माणूस भेटल्यावर कुणाला सुचतंय?

तू नेता झालीस तर काय करशील, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. मी मराठीत सुरू झाले. आई भाजीची बुट्टी घेऊन बाजारातून निघाली, बसची कन्नड पाटी तिला वाचता येईना, कुणाला विचारायची लाज वाटली, आणि ती लांबच्या चिकोडीला जाऊन पोचली. तिथल्या स्टँडवर रडत बसली. नेता झाले तर त्या पाटीवर आईला वाचता येईल असं एक नाव लिहीन, एवढंच मी सांगितलं.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मॅडमना कन्नडमध्ये विचारलं की ही मुलगी काय सांगतेय, मला नीट कळलं नाही, हिला कन्नडमध्ये सांगता येईल का. मला येत होतं. मी तोंड उघडलंही. पण मॅडम हसून कन्नडमध्येच म्हणाल्या, "हिला नाही जमायचं, सर. खेड्यातली आहे. घरी यांना तक्रारी करायलाच शिकवतात. खेड्याचं कुणीतरी असावं म्हणून आणलीय."

मला कन्नड कळतं हे मॅडमना पक्कं ठाऊक होतं. गाडीत त्यांच्यासाठी चहावाल्यापासून टीसीपर्यंत सगळ्यांशी मीच कन्नडमध्ये बोलले होते. साहेबांसमोर मराठी तक्रार आणणारी बाई म्हणून आपलं नाव नको, एवढीच त्यांची भीती, आणि तेवढ्यासाठी त्यांनी मला चिलटासारखं उडवलं. साहेबांनी मान हलवली आणि पुढच्या मुलीला बोलावलं. शेवटी शेणाच्या वासाचं बोललेली ती बेंगळुरूची मुलगी निवडली गेली. जेवणानंतर मॅडम तिला शेजारी बसवून भाषण सांगत होत्या. माझ्याकडे पाठ होती.

शेवटच्या दिवशी ती मंचावर उभी राहिली आणि इंग्रजीत म्हणाली, माझ्या राज्यात एक आई आहे, भाजी विकणारी, तिला बसची पाटी वाचता येत नाही. चिकोडीही होतं त्यात. बुट्टी होती. स्टँडवरचं रडणंसुद्धा होतं. फक्त कुठल्या भाषेतली पाटी आणि कुठल्या भाषेतली आई, हे गाळलं होतं. दोन-चार जणांनी डोळे पुसले. हॉल उभा राहिला, म्हणून मीही उभी राहिले. मॅडमनी मागे वळून मला खूण केली, टाळ्या वाजव.

बाहेर येऊन घरी फोन लावला. आप्पा म्हणाले, "तू कवा दिसलीस गं? समदं गाव बघालतं." मी म्हटलं, आईला द्या. मग त्यांनी फोन आईला दिला. तिला शेजारच्या कॉलेजातल्या पोरानं भाषणाचा अर्थ सांगितला होता. तिचा आवाज कधी नव्हे इतका खुलला होता.

"कुणाची गं ती पोरगी? लई गुणाची हाय. माझं दुख तिला बरोबर कळलं बघ. तुला जमलं न्हाय तर न्हाय, तिनं तरी सांगितलं."

मी व्हय म्हटलं. तिनं त्या मुलीला घरी जेवायला घेऊन ये म्हणून सांगितलं, आणि ती कधी येणार हे अजून अधूनमधून विचारते.