पुण्याच्या वाचकांचं पत्र

त्या पत्रातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे, आणि आठवलं की तोंड कडू होतं. ‘जिला सगळ्यांचं ओझं उचलता येतं, तिनं कुणा एकाची बाजू घेऊ नये.’ मूळ इंग्रजीत ते याहून गुळगुळीत होतं. लिहिलं मी होतं.

सुपरहिरोंची कॉमिक्स वाचणारा आमचा दहा-बारा जणांचा ग्रुप दर रविवारी सकाळी नारायण पेठेत, एका स्टेशनरीच्या दुकानावरच्या खोलीत जमायचा. ज्याची खोली होती त्याला सगळे दादा म्हणायचे. बहुतेक जण खराडीत सॉफ्टवेअरमध्ये, मीही. मुली दोनच. मी कोपऱ्यातली खुर्ची धरायचे आणि गप्प बसायचे. दुसरी माझ्या शेजारी बसायची, तीही कमीच बोलायची, म्हणून आमचं जमलं. तिचे वडील मार्केट यार्डात हमाल होते. अंक मी घ्यायचे आणि वाचून झाला की तिला द्यायचे.

आमची सगळ्यांची लाडकी एक नायिका होती. दूरच्या कुठल्याशा शहरातल्या छोट्या प्रकाशकाची इंग्रजी मालिका. नायिका दिवसा बाजारात पोती वाहायची आणि संकट आलं की काहीही उचलायची. रेल्वेचा डबा, पूल, समुद्रातून आलेला राक्षस. डोक्यावरून पाठीवर सोडलेलं गोणपाट हाच तिचा केप. ते चित्र बघूनच मैत्रीण पहिल्यांदा माझ्याशी बोलली होती. “घडी बरोबर काढलीये. पप्पा अशीच घालतात.”

सातव्या अंकात नायिका वस्ती पाडायला आलेला बुलडोझर उचलते आणि रस्त्यापलीकडे नेऊन ठेवते. फोडत नाही, कुणाला मारत नाही. ठेवते, हात झटकते आणि कामावर जाते.

“झालं. इथेही पॉलिटिक्स,” त्या रविवारी दादा म्हणाला.

“यार, आठवडाभर न्यूजमध्ये हेच असतं. संडेला तरी राक्षस द्या ना!” दुसऱ्या कुणीतरी सूर लावला.

एकाच्या गावची शेतं आता टॉवरखाली गेली आहेत. तो म्हणाला, “बुलडोझर आमच्या चुलत्याचाच असंल. त्याचा दिवस मोडला, ते कोन बघनार?”

सगळे हसले. मीही हसले. आधीच्या सहा अंकांत तिनं अर्धं शहर उलथंपालथं केलं होतं, तेव्हा कुणाला काही खुपलं नव्हतं.

मैत्रीण म्हणाली, “मला हाच अंक सगळ्यात आवडला.”

“अगं, तुला आवडणारच,” दादा म्हणाला. पुन्हा हशा. त्यात वाईटपणा नव्हता, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. वाईटपणाच होता. कामाचं निमित्त सांगून ती निघून गेली.

ती गेल्यावर प्रकाशकाला पत्र पाठवायचं ठरलं. “तू लिही. कॉन्व्हेंटचं इंग्रजी आपल्यात तुझंच.” दोन वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. अंक मलाही आवडला होता. बुलडोझर खाली ठेवतानाचं पान मी पुन्हा पुन्हा काढून बघितलं होतं. तेवढंच तिथे सांगायला हवं होतं. मी बॅगेतून लॅपटॉप काढला.

वीस मिनिटांत पत्र झालं. नम्र, समतोल, दुखावलेल्या चाहत्यांचं. औपचारिक पत्राला मला शाळेत कायम पूर्ण मार्क असायचे. दादानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. “काय लिहितेस गं!” मला लाज वाटली नाही. बरं वाटलं. किळस येते ती याची.

आठवा अंक बराच उशिरा आला. शेवटच्या पानावर, चौकटीत, आमचं पत्र. खाली ‘पुण्याचे वाचक’. नायिका बाजार सोडून अंतराळ केंद्रात नोकरीला लागली होती. गोणपाट गेलं होतं, पाठीवर चकचकीत जांभळा केप होता. दादानं सगळ्यांना कोल्ड कॉफी पाजली. मी ती शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

मैत्रिणीला मी तो अंक दिला नाही. तिनं तो स्वतःच कुठूनतरी मिळवून वाचला आणि मला स्वारगेटच्या बसस्टॉपवर बोलावलं. हातात कापडी पिशवी होती.

“पत्र तू लिहिलंस?”

“सगळ्यांनी मिळून ठरवलं गं.”

“ठरवलं कुणी, ते नाही विचारत. लिहिलं कुणी?”

मी समोरच्या बसची पाटी वाचत राहिले. “मी.”

“वाटलंच. त्यांच्यातल्या एकालाही असं जमलं नसतं.” ती शांत होती. “पप्पांना वाचून दाखवलं मी. मराठीत सांगत सांगत.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, हे लिहिणाऱ्यानं कधी पोतं उचललंय का?”

तिनं पिशवी माझ्या हातात दिली. आत माझे अंक होते, नीट क्रमानं लावलेले. मी मोजले. सहा.

“सातवा?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

“तो राहू दे माझ्याकडे. तुला काय करायचाय?”

तिची बस आली. तिनं खिडकीतून वळून बघितलं नाही. मी पिशवी धरून तिथेच उभी होते तेव्हा दादाचा मेसेज आला. जांभळा रंग कुणालाच पटलेला नाही, एक छानसं पत्र लिहिशील का? मी ‘बघते’ असं टाइप केलं, पुसलं आणि ग्रुपमधून बाहेर पडले. का बाहेर पडतेय, हे दोन ओळींत लिहायचं धैर्य तिथेही मला झालं नाही.