भाचीचे पाय आणि माझी पाठ

पहिल्या ऑपरेशननंतर मी माझ्या पाठीची गावभर जाहिरात केली होती. पांढुर्ण्याच्या स्टेशनापासून सौंसरच्या माझ्या शाळेपर्यंत ज्याला सदरा वर करून टाक्यांची रेघ दाखवली नाही, असा माणूस शोधावा लागला असता. शाळेच्या गॅदरिंगची नाटकं बसवणारा मास्तर मी. असं हुकमी दृश्य हाताशी असताना गप्प कसा बसणार?

म्हणूनच दीड वर्षाने सौंसरच्या बसस्टँडवर जे झालं ते मी कुणालाच सांगितलं नाही. डाव्या पायातली चप्पल निघून मागे राहिली आणि मला ते कळलंच नाही. संत्री विकणारी बाई चप्पल घेऊन मागून आली. "गुरुजी, एका पायानं कुठं चालले जी?" मी हसून चप्पल घातली, खाली बघितलं आणि अंगठ्याला वर हो म्हटलं. तो झाला नाही. पुन्हा म्हटलं. वर्गातली पोरं ऐकत नाहीत याची मला सवय होती. स्वतःच्या अंगठ्याची नव्हती.

नागपूरच्या डॉक्टरांनी पाठीच्या कण्यात औषध सोडून फोटो काढले आणि ते उजेडाच्या डब्यावर लावले. "तीच गादी, त्याच जागी. पुन्हा सरकली आहे. पुन्हा उघडावं लागेल."

मी बायकोकडे बघितलं. ती फोटोकडे बघत होती. एकदा उघडून नीट केलेली वस्तू पुन्हा उघडतात हे माझ्या गावीच नव्हतं. डॉक्टर शांतपणे सांगत होते. या खेपेला आत जुनी जखम आहे, काम नाजूक आहे. नस मोकळी होईल, पण अंगठ्याची हालचाल परत येईलच असं वचन देत नाही. नाही केलं तर पाऊल लुळं पडेल आणि जन्मभर फरफटत न्यावं लागेल. आठ दिवसांत ठरवा.

मग त्यांनी पेन उघडलं. "मागच्या वेळी घरी गेल्यावर काय उचललंत?"

मी छाती काढून सांगितलं, "काही नाही. बादली नाही, पिशवी नाही, हजेरीपटसुद्धा नाही."

"उचललं नाही, खरं आहे," मांडीवर पिशवी धरून बसलेली बायको म्हणाली. "पाया पडले."

"कुणाच्या?"

"भाच्यांच्या."

डॉक्टर मूळचे पुण्याकडचे. त्यांना वाटलं, आपलं ऐकण्यात काही चुकलं. मग मी समजावलं की आमच्याकडे मामा भाच्यांच्या पाया पडतो, वय बघत नाहीत. मला चार बहिणी आणि अकरा भाचे-भाच्या. मामाची पाठ कापली म्हटल्यावर सगळे बघायला आले. मोठ्यांचं निभावलं, ते बाकावर उभे राहिले. पण धाकटी भाची तेव्हा एक वर्षाची. ती जमिनीवर बसायची, आणि जमिनीवर बसलेल्या माणसाचे पाय जमिनीवरच असतात.

"ऑपरेशननंतर कितव्या दिवशी हे?"

"घरी आले त्याच दिवशी," बायको म्हणाली. "मंग रोजच. बोरगावची नणंद महिनाभर राहिली नं, पोरीला घेऊन."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. रंगमंचावर मी पुष्कळ विराम घेतले आहेत, एकासाठी बक्षीसही मिळालं आहे. त्यांच्याएवढा लांब विराम मला कधी साधला नाही.

परतीच्या गाडीत मी ठरवून टाकलं की पुन्हा कापून घ्यायचं नाही, लंगडत शिकवीन. तसं बोललोही. काटोल आल्यावर बायको खिडकीकडे बघत म्हणाली, "परवा फळ्यासमोर पडले, ते मला शाळेच्या शिपायानं सांगितलं. तुम्ही नाही." मला वाटत होतं तिला ठाऊक नाही. पांढुर्ण्याला उतरताना मी तिचा खांदा धरला. पुन्हा कापून घ्यायचा निर्णय झाला तो एवढाच.

तयारी मात्र तिने लढाईसारखी केली. खाटेवर जाड फळ्या टाकल्या. संडासात उकिडवं बसायचं नाही, म्हणून शाळेची एक मोडकी खुर्ची आणवून सुताराकडून बैठकीला गोल भोक पाडून घेतलं. सुताराने खुर्ची उलटीसुलटी बघून विचारलं, "गुरुजी, याच्यावर बसून शिकवणार काय आता?" आणि शेवटी बायकोने माझ्या बोरगावच्या बहिणीला बोलावून सांगितलं की दोन महिने मामा कुणाच्या पाया पडणार नाही.

बहीण उभीच राहिली. "वहिनी, घरी आलेल्या भाचीच्या पाया नाही पडायचं? मंग आम्ही येऊच कशाला?"

"जामसांवलीचा मारुती झोपून आहे नं? त्याला कोणी म्हणते काय, उठ बापा, मी आलो?"

"तो देव आहे, वहिनी."

"आणि हे नाहीत. म्हणून तर दुसऱ्यांदा कापावं लागून राहिलं."

ऑपरेशन झालं. मी फळ्यांवर पडून राहिलो. रोज सकाळी चहाच्या आधी बायको पायाशी येऊन म्हणायची, "घ्या वर." मी सगळा जीव त्या अंगठ्यात ओतायचो. मग ती पांघरूण ओढून चहा टाकायला जायची. असे चार आठवडे गेले. पाचव्या आठवड्यात तिने "घ्या वर" म्हणणंही सोडलं, आणि मी का म्हणून विचारलं नाही.

त्याच आठवड्यात बहीण आली. भाची आता अडीच वर्षांची. ती सवयीने खाटेजवळ आली आणि एक पाऊल पुढे करून उभी राहिली. कुणी वाकेना. तिने दुसरं पाऊल पुढे केलं. तरी कुणी वाकेना. अपमान गिळून तिने खाटेच्या टोकाला माझे पाय बघितले. आज उलटं आहे असं तिला वाटलं असावं. तिने दोन्ही हातांनी माझा डावा अंगठा पकडला आणि जोरात चिमटला.

बहिणीने तिला हात धरून मागे ओढलं. "भाचीनं मामाच्या पायाला हात लावला. हे पाप आता कोणाच्या डोक्यावर जी?"

बायको ऐकत नव्हती. ती माझ्या पायाकडे बघत होती.

"हलला," ती म्हणाली.

"काय हलला?"

"पुन्हा कर गं बाई," ती भाचीला म्हणाली.

"वहिनी, पाप आहे."

"एकदा झालंच आहे. घ्या हो तुम्ही, वर घ्या."

मी सगळा जीव ओतला. अंगठा तिळाएवढा वर गेला, थरथरला आणि खाली आला. मग माझ्या बहिणीने लेकीचा हात सोडला.